स्मृतिचिपेचा लेखनिक : घरगुती संगणकासाठीं प्रोग्रॅमर कसा निवडावा

'प्रोग्रॅमर' हा शब्द कानीं पडतांच डोळ्यांपुढें येतो तो संगणकासमोर बसून आज्ञांच्या ओळीमागून ओळी लिहिणारा एखादा तरुण. येथें ज्याचा विचार करावयाचा आहे तो प्रोग्रॅमर माणूस नव्हे. ती तळहातावर मावणारी एक पेटी आहे. तिच्या पाठीवर दांडी असलेलें एक सॉकेट असतें, पोटांत थोडी विद्युद्यंत्रणा असते, आणि मोठ्या संगणकाशीं जोडावयाची एक तार बाहेर आलेली असते. कोऱ्या स्मृतिचिपेवर मजकूर लिहिणें, लिहिलेला मजकूर वाचून दाखविणें, आणि तो मुळाशीं ताडून पाहणें, एवढेंच तिचें काम. छापखाने येण्यापूर्वीं पोथ्या नकलून देणारे लेखनिक असत. त्यांची निवड करतांना अक्षर किती वळणदार आहे यापेक्षां तो ओळ गाळीत तर नाहीं ना, आणि मूळ पोथीचीं पानें फाडीत तर नाहीं ना, हें शहाणे लोक आधीं पाहत. या पेटीची परीक्षाही त्याच दोन प्रश्नांनीं करावी लागते.

असली पेटी गृहस्थाच्या घरीं कशाला हवी, असें कोणी विचारील. आजचा संगणक आपला सारा संसार डिस्कवर ठेवतो. परंतु १९८० नंतरच्या दशकांतील घरगुती संगणकांची गोष्ट निराळी होती. बटण दाबतांच ते क्षणांत जागे होत, कारण त्यांचें मूळ ज्ञान आंतल्या चिपांत कायमचें लिहिलेलें असे. कमोडोर ६४ या यंत्रांत अशा तीन चिपा होत्या, दोन प्रत्येकी ८ किलोबाइटांच्या आणि एक ४ किलोबाइटांची. सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रममध्यें सारें कांहीं १६ किलोबाइटांत बसविलें होतें. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें डिसेंबर १९८१ मध्यें बाजारांत आणलेल्या बीबीसी मायक्रोंत १६ किलोबाइटांची कार्यप्रणाली, १६ किलोबाइटांची बेसिक भाषा, आणि शिवाय मालकास हव्या त्या आणखी चिपा बसवितां याव्यात म्हणून मोकळीं सॉकेटें ठेवलेलीं होतीं. लेखनाची चिप हवी असेल तर ती आणावी, झांकण उघडावें, आणि सॉकेटांत दाबून बसवावी, असा तो सरळ व्यवहार होता.

या बीबीसी मायक्रोचा भारताशीं जवळचा संबंध आहे. १९८४ सालीं भारत सरकारनें शाळांसाठीं 'क्लास' नांवाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, त्यासाठीं हेंच यंत्र निवडण्यांत आलें होतें. आणि तें भारतांत तयार व्हावें म्हणून मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कारखान्याशीं करारही झाला होता. त्यामुळें पाश्चात्त्य हौशी लोकांना भेडसावणारा जो प्रश्न येथें मांडावयाचा आहे, तो आपल्याकडेही एखाद्या शाळेच्या कपाटांत किंवा निवृत्त शिक्षकाच्या माळ्यावर पडून असण्याचा संभव आहे.

समजा, अशा एका घरीं जुनें यंत्र माळ्यावरून उतरविलें. धूळ झाडली, दूरदर्शनसंचाला जोडलें, बटण दाबलें. ओळखीचे दोन सूर वाजले, पडद्यावर नांव उमटलें. परंतु पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीं घरच्या वडीलधाऱ्यानें स्वतः लिहून एका चिपेंत भरून ठेवलेला कार्यक्रम मात्र जागा होत नाहीं. मदतीची आज्ञा देऊन बसविलेल्या चिपांची यादी मागवावी, तर त्या यादींत त्या चिपेचें नांवच नाहीं. बाजारांत विकला गेलेला कार्यक्रम असता तर त्याची प्रत जगांत कोठें ना कोठें मिळाली असती. या कार्यक्रमाची प्रत एकच, आणि ती या बोटभर लांबीच्या काळ्या-करड्या तुकड्यांत आहे. तो तुकडा गेला कीं तें काम कायमचें गेलें. प्रोग्रॅमर निवडतांना होणारी चूक येथें शंभर-दोनशें रुपयांची राहत नाहीं.

चिप मुळांत विसरते कां, हें समजल्यावांचून यंत्राची पारख करतां येणार नाहीं. या जातीच्या चिपेस 'ईप्रॉम' म्हणतात. इंटेल कंपनींतील डॉव्ह फ्रोमन या शास्त्रज्ञानें ती १९७१ सालीं सिद्ध केली. पहिल्या चिपेंत अवघे २५६ बाइट मावत. तिच्यांत हजारों सूक्ष्म कोठड्या असतात. प्रत्येक कोठडींत चहूंकडून निरोधक थरानें वेढलेला, कोणत्याही तारेशीं न जोडलेला असा सिलिकनचा एक कण असतो. मोठा विद्युद्दाब दिला म्हणजे वेगानें धांवणारे कांहीं इलेक्ट्रॉन तो थर ओलांडून त्या कणांत शिरतात, आणि दाब काढून घेतला कीं आंतच अडकून पडतात. इलेक्ट्रॉन अडकलेली कोठडी म्हणजे शून्य. रिकामी कोठडी म्हणजे एक. कोरी चिप म्हणजे सर्वत्र एकच एक. तिला शाळेच्या पाटीची उपमा शोभते, पण एका भेदासह. या पाटीवर पेन्सिलीनें हवें तेथें लिहितां येतें, मात्र एखादें अक्षर खोडतां येत नाहीं. पुसावयाची तर सगळी पाटी एकदम पुसावी लागते. हें पुसण्याचें काम जंबुपार, म्हणजेच अतिनील, किरण करतात. त्यांसाठींच चिपेच्या पाठीवर एक वाटोळी खिडकी असते, आणि साधी कांच हे किरण अडविते म्हणून ती गारेच्या कांचेची केलेली असते.

अडकलेले इलेक्ट्रॉन मात्र जन्मठेपेचे कैदी नव्हेत. खिडकीवरची पट्टी गळून पडली असेल तर प्रकाशानें ते सुटतात. उत्पादकांच्याच अंदाजाप्रमाणें भर उन्हांत साधारण एक आठवड्यांत, आणि नळीदिव्याच्या नित्य प्रकाशांत सुमारें तीन वर्षांत चिप कोरी होऊं शकते. अंधारांत ठेवली तरी उष्णतेनें आणि काळानें थोडी गळती होतच असते. उत्पादकांनीं बहुधा दहा वर्षांची हमी दिली होती, आणि आतां चाळीस उलटत आलीं. येथें एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. जुनेपणानें होणारी विस्मृति बहुतेक एकाच दिशेनें जाते. शून्याचें एक होतें. एकाचें शून्य सहसा होत नाहीं.

वरील घरच्या चिपेचें काय झालें असावें, हें यावरून समजतें. बीबीसी मायक्रो आपल्या सॉकेटांतील प्रत्येक चिपेच्या आरंभीं कंसांतील इंग्रजी 'सी' हें स्वामित्वाचें चिन्ह शोधतो. तें सांपडलें तरच चिपेचा स्वीकार करतो. 'सी' या अक्षराच्या आठ बिटांपैकीं एका विशिष्ट शून्याचें एक झालें कीं त्याचा 'जी' होतो. हजारों कोठड्यांपैकीं एक कोठडी रिती झाली, एका अक्षराला एक शेपूट फुटलें, आणि यंत्रानें संबंध ग्रंथ नाकारला. बाकीचा मजकूर कदाचित् जसाचा तसा असेल. अशी चिप 'मेली' म्हणून फेकून देणारे लोक थोडे नाहींत.

आतां विश्वासू लेखनिकाचें पहिलें लक्षण येतें. तें लिहिण्याचें नसून वाचण्याचें आहे. कोठडी वाचतांना चिप आपल्याला मिळालेल्या पुरवठ्याच्या दाबाशीं, म्हणजे सामान्यतः ५ व्होल्टांशीं, अडकलेल्या विद्युद्भाराची तुलना करीत असते. भार पुरेसा असेल तर कोठडी बंद राहते आणि शून्य दिसतें. भार ओसरत गेला कीं ५ व्होल्टांपुढें ती टिकत नाहीं, उघडते, आणि एक दिसतें. पण हाच पुरवठा साडेचार व्होल्टांवर, क्वचित् त्याहूनही थोडा खालीं, आणला तर तीच दुबळी कोठडी पुन्हां बंद राहूं शकते आणि विसरलेलें शून्य परत दिसतें. म्हाताऱ्या माणसाला दरडावून विचारलें तर तो गोंधळतो, हळू विचारलें तर आठवून सांगतो, त्यांतलाच हा प्रकार. यासाठीं ज्या यंत्रांत वाचनाचा दाब हातानें कमीजास्त करतां येतो तेंच यंत्र जुन्या चिपांच्या कामाचें. पुष्कळ स्वस्त यंत्रांत हा दाब ठाम पांचांवर खिळलेला असतो, आणि जाहिरातींत या गोष्टीचा उल्लेखही नसतो.

वाचन एकदां करून थांबूं नये. चिपेचे पाय काळवंडलेले असतील तर आधीं ते हलक्या हातानें स्वच्छ करावेत. मग ५ व्होल्टांवर तीनदां, आणि उतरत्या दाबावर पुन्हां तीनदां मजकूर काढून प्रत्येक प्रत निराळ्या नांवानें ठेवावी व एकमेकींशीं ताडावी. जेथें प्रती भिन्न होतात तेथेंच दुबळ्या कोठड्या आहेत, हें उघड होय; आणि विस्मृति शून्याकडून एकाकडे जाते हें ठाऊक असल्यानें वादाच्या प्रसंगीं शून्याच्या बाजूनें कौल द्यावा. प्रती ताडण्यासाठीं यंत्र बेरीज दाखवितें; परंतु सगळ्या बाइटांची साधी बेरीज हा कच्चा पुरावा आहे. वाण्याच्या वहींत दोन रकमांची अदलाबदल झाली तरी बेरीज जुळतेच. यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्यें 'सीआरसी' नांवाची पक्की पडताळणी असेल तर ती वापरावी.

मूळ हातीं आल्यावर लिहिण्याचा प्रश्न येतो, आणि येथेंच बहुतेक खरेदीदार फसतात. चिपेचें नांव वाचतां येणें ही त्यांतली पहिली पायरी. २७ या आंकड्यापुढील संख्या किलोबिटांची असते. तिला आठांनीं भागलें कीं किलोबाइट मिळतात. म्हणजे २७१६ ही २ किलोबाइटांची, २७६४ ही ८ ची, २७१२८ ही १६ ची, आणि २७५१२ ही ६४ ची. येथपर्यंत हिशेब सोपा आहे. पण लिहितांना द्यावयाचा मोठा दाब या चिपांत सारखा नाहीं. इंटेलच्या मूळ २७१६ ला आणि २७३२ ला २५ व्होल्ट लागतात. २७३२ए ला २१ लागतात. २७६४ आणि २७१२८ यांना २१. पण २७६४ए आणि २७१२८ए यांना अवघे साडेबारा. नांवाच्या शेपटीचा तो एक 'ए' पाहावयाचा राहून गेला आणि साडेबारांच्या चिपेला एकवीस व्होल्ट दिले, तर ती क्षणांत कायमची निकामी होते. उलट २१ लागणाऱ्या चिपेला साडेबारा दिले तर ती कांहीं मरत नाहीं, लिहिलें मात्र जात नाहीं. याहून वाईट प्रकार मधल्या दाबाचा. चिप कशीबशी लिहिली जाते, पडताळणींत उतरतेही, आणि कांहीं महिन्यांनीं विसरते. तोंवर दोष कोणाचा हें शोधण्याचा मार्ग बंद झालेला असतो.

नांवाचा आणखी एक सापळा आहे. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीची टीएमएस २७१६ ही नांवानें इंटेलच्या २७१६ ची जुळी बहीण वाटते. पण तिला तीन निरनिराळे पुरवठे लागतात, आणि इंटेलच्या चिपेची खरी जोड त्याच कंपनीची टीएमएस २५१६ ही होय. एकीच्या जागीं दुसरी घालणें धोक्याचें. जें यंत्र 'सर्व २७१६' अशी एकच ओळ यादींत देतें आणि उत्पादकाचें नांव विचारीत नाहीं, त्याचा कर्ता फारसा काळजीवाहू नसावा असें खुशाल समजावें.

पुण्याच्या तापकीर गल्लींत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर गिऱ्हाइक आणि दुकानदार यांचा संवाद बहुधा असा होतो. "काका, हा घ्या, हजारों चिपा लिहितो," असें दुकानदार म्हणतो. "अरे, हजारों राहूं दे, पंचवीस व्होल्ट देतो का तेवढें सांग," असें विचारणारें गिऱ्हाइक विरळा. आणि तें भेटलें म्हणजे दुकानदार खोका उलटसुलट करून पाहूं लागतो. वस्तुतः यादीची लांबी निरर्थक आहे. ज्या घरांत पांच जातींच्या चिपा आहेत त्या घराला त्या पांचच लिहितां आल्या पाहिजेत. म्हणून दुकानांत जाण्यापूर्वीं यंत्राचें झांकण उघडून चिपांचीं संपूर्ण नांवें, शेपटीच्या अक्षरांसह, कागदावर उतरून घ्यावींत. कमोडोर ६४ च्या मालकाला तर यांत विशेष दक्षता हवी. त्यांतील ८ किलोबाइटांच्या चिपांना चोवीसच पाय असतात, तर २७६४ ला अठ्ठावीस. त्यामुळें एक तर मधें जोड-सॉकेट घालावें लागतें, नाहीं तर मोटोरोला कंपनीची चोवीस पायांची ६८७६४ किंवा ६८७६६ ही चिप शोधावी लागते, आणि तिला लिहावयास पुन्हां २५ व्होल्ट लागतात.

सध्यां हौशी लोकांत चिनी बनावटीचीं टीएल८६६ कुळांतील यंत्रें फार प्रचलित आहेत. त्यांच्याकडे पाहिलें असतां नवें तें अधिक समर्थ हा समज किती फसवा आहे हें दिसून येतें. या कुळांतील आधीचें टीएल८६६ए हें २१ व्होल्टांपर्यंत जाई. त्याच्यामागून आलेलें टीएल८६६-२ प्लस हें १८ वरच थांबतें. आणि पुढचें टी४८ हें २५ पर्यंत पोंचतें. साडेबारांच्या चिपा लिहिणाऱ्यास तिन्ही सारखीं. जुन्या २७१६, २७३२ किंवा मोटोरोलाच्या चिपांचा ज्याला व्याप आहे त्यानें पंचवीसच्या आंत येऊंच नये. यंत्रावर बारीक अक्षरांत लिहिलेला हा एक आंकडा बाकीच्या सर्व जाहिरातीपेक्षां मोलाचा आहे.

आंकडा छापलेला असला म्हणून दाब तेवढा मिळतोच असें नाहीं. हीं यंत्रें संगणकाच्या यूएसबी खिडकींतून पांच व्होल्ट घेऊन आंत त्यांचे पंचवीस करतात. जुनी चिप स्वतःच शंभर मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढते. लिहितांना त्यांत मोठ्या दाबाचा खर्च वाढतो. आणि साध्या यूएसबी खिडकीची मर्यादा ५०० मिलिअँपिअरची. तार लांब व बारीक असली, किंवा मधें फांटे काढणारी स्वस्त पेटी असली, तर ऐन लिहितांना दाब कोसळतो. ज्या यंत्राला बाहेरून निराळा पुरवठा जोडण्याची सोय आहे तें या बाबतींत निर्धास्त. नाहीं तर आंखूड तार आणि संगणकाची स्वतःची खिडकी वापरावी. नवें यंत्र घरीं आल्यावर मौल्यवान चिप त्यांत घालण्यापूर्वीं मल्टिमीटरनें परीक्षा करावी. सॉकेट रिकामें ठेवून, पायांची तपासणी तेवढ्यापुरती बंद करून, लिहिण्याची आज्ञा द्यावी आणि मोठ्या दाबाचा पाय मोजावा. साडेबारांच्या जागीं बारा किंवा तेरा दिसले तर ठीक. दहा दिसले तर पेटी परत करावी.

लिहिण्याच्या वेगाविषयीं थोडेंसें. जुन्या रीतींत प्रत्येक बाइटाला ५० मिलिसेकंदांचा एक ठोका देत. २७१६ ला त्या हिशेबानें सुमारें १०२ सेकंद लागत, तर २७१२८ ला १३ मिनिटांहून अधिक. नंतरच्या रीतींत एक मिलिसेकंदाचा, आणि पुढें त्याच्याही दहाव्या भागाचा, ठोका देऊन लगेच वाचून पाहतात. बाइट धरला नसेल तर पुन्हां ठोकतात. हें वाचन पुरवठा सहा व्होल्टांच्या घरांत चढवून करतात, हें त्यांतील मर्म. चढत्या दाबावर जें शून्य टिकलें तें पांच व्होल्टांवर टिकणारच, कारण परीक्षा व्यवहारापेक्षां कठीण घेतली आहे. यंत्र वेगानें लिहितें याचें कौतुक न करितां तें अशी कठीण परीक्षा घेतें कीं नाहीं हें पाहावें. मात्र अगदीं जुन्या चिपांना ही घाई मानवेलच असें नाहीं. त्यांच्यासाठीं यंत्रांत ठोक्याची लांबी वाढवितां आली पाहिजे.

कोऱ्या चिपा विकत घेतांनाही डोळे उघडे ठेवावेत. जुन्या चिपांचें वरचें नांव घासून, रंग देऊन, नवें नांव छापण्याचा उद्योग जोरांत चालतो. यावर यंत्राजवळ एक उपाय असतो. पुष्कळ चिपांत उत्पादकाची व जातीची खूण आंत कोरलेली असते, आणि एका ठराविक पायाला १२ व्होल्ट दिले कीं ती वाचतां येते. बाजारांतून आणलेल्या चिपांसाठीं ही तपासणी जरूर करावी. परंतु अतिजुन्या चिपांत ही सोय नसते आणि त्यांच्या त्या पायाला बारा व्होल्ट सोसतीलच असें नाहीं. म्हणून वडिलांची एकुलती एक चिप वाचतांना ही तपासणी आधीं बंद करावी. ज्या सॉफ्टवेअरमध्यें ती बंद करतां येत नाहीं तें यंत्र अशा कामासाठीं घेऊंच नये. मूळ पोथीचीं पानें फाडणारा लेखनिक तो हाच.

सॉफ्टवेअरविषयीं आणखी एक विचार. पूर्वीं विलेम नांवाचा एक प्रोग्रॅमर हौशी लोकांत फार होता. तो संगणकाच्या छपाईयंत्राच्या समांतर खिडकीला जोडत. ती खिडकीच संगणकांवरून नाहींशी झाली, आणि चांगल्या स्थितींतील पेट्या अडगळींत गेल्या. आजच्या यंत्रांवरही उद्यां अशीच पाळी येऊं शकते. टीएल८६६ कुळासाठीं 'मिनिप्रो' नांवाचें मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनीं केलेलें आहे. त्याचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. ज्या यंत्रासाठीं असें कांहीं उपलब्ध आहे त्याला इतर गुण समान असतां पसंती द्यावी.

पुसण्याच्या दिव्याविषयीं घरोघरीं एक गैरसमज दिसतो. नखांचा रंग वाळविण्याचे जे जांभळे दिवे मिळतात त्यांचा या कामीं उपयोग नाहीं. त्यांचे किरण ३६५ नॅनोमीटर किंवा त्याहून लांब लहरींचे असतात, आणि चिपेला हवेत ते २५४ च्या आसपासचे. जंतुनाशक पारदनळी ते देते, आणि पुसण्यासाठीं विकत मिळणाऱ्या छोट्या पेट्यांत तीच असते. चिप नळीपासून इंचभर अंतरावर ठेवली आणि नळी चांगल्या शक्तीची असली तर वीसेक मिनिटें पुरतात. हे किरण डोळ्यांना व कातडीला अपायकारक आहेत. झांकण उघडलें असतां आपोआप विझणारीच पेटी घ्यावी, आणि ती मुलांच्या हातीं देऊं नये. पुसल्यावर प्रोग्रॅमरमध्यें चिप कोरी झाल्याची तपासणी करावी, आणि तीही चढत्या नव्हे तर उतरत्या दाबावर. कारण अर्धवट पुसलेली कोठडी तेथेंच उघडकीस येते.

ज्याला हा दिव्याचा खटाटोप नको त्याच्यासाठीं विनबाँड कंपनीची डब्ल्यू२७सी५१२ ही चिप सोयीची आहे. ती १२ व्होल्टांवर लिहिली जाते आणि १४ व्होल्टांवर विजेनेंच पुसली जाते, खिडकी नाहीं कीं दिवा नाहीं. ती ६४ किलोबाइटांची असल्यामुळें १६ किलोबाइटांचा मजकूर तिच्यांत कोठें ठेवावा असा प्रश्न पडतो. तिला चार पानांची वही समजून चारही पानांवर तोच मजकूर लिहावा. मग सॉकेट कोणतेंही पान उघडो, वाचतांना फरक पडत नाहीं.

आतां पुन्हां त्या घराकडे. चिप ५ व्होल्टांवर वाचली असतां 'जी' दिसला, साडेचारांवर 'सी'. उतरत्या दाबावरील तिन्ही प्रती एकमेकींशीं जुळल्या. तो मजकूर नव्या चिपेंत चारदां उतरला, पडताळला, आणि दांडी उचलून चिप काढून घेतली. सॉकेटांत बसवितांना खांचेची बाजू पाहणें अगत्याचें आहे. उलटी बसलेली चिप बटण दाबतांच जळते आणि मागचें सारें श्रम फुकट जातात. नव्या चिपेवर तारीख व सीआरसीचा आंकडा लिहिलेली चिठ्ठी डकवावी. मूळ चिपेच्या खिडकीवर प्रकाश न शिरणारी पट्टी लावून ती वाहक काळ्या फोममध्यें टोंचून डबींत ठेवावी. ती पुसून पुन्हां वापरण्याचा मोह धरूं नये. काढलेल्या मजकुराची एक प्रत घरच्या संगणकावर, एक निराळ्या डिस्कवर, आणि एक परगांवीं राहणाऱ्या भावा-बहिणीकडे असावी. पंधरा दिवसांनीं नवी चिप एकदां पुन्हां पेटींत घालून चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही दाबांवर वाचावी, आणि चिठ्ठीवरील आंकडा दोन्ही वेळां जुळला म्हणजे यंत्राचें झांकण स्क्रूंनीं आवळावें.